घरातला सर्वांत चांगला कोंबडा

९ जानेवारी १९५७

नवी वही आजपासून. तालुका कचेरीतून सुटून दोन वर्षे झाली, तरी अप्पांच्या हातची फूटपट्टी सुटत नाही, असे गोमती म्हणते. का सुटावी? तीस वर्षे दुसऱ्यांची शेते मोजली, आता घरचे कोंबडे मोजतो. पोरगी शाळेत मास्तरीण झाल्यापासून बापालाही तपासायला लागली आहे.

आजचे माप. भैरव: शेपूट दोन फूट तीन इंच. चोच आखूड, पोपटासारखी खाली वळलेली. तुरा वाटाण्याएवढा, डोळा पांढरा स्वच्छ. पणजोबांच्या मोडी वहीत अकरा लक्षणे लिहिली आहेत, भैरवात अकराच्या अकरा. असा पक्षी माझ्या वडिलांनाही मिळाला नव्हता. लिहितानाच छाती फुगते, काय करू!

त्याचा भाऊ वाकड्या, एकाच वेळी एकाच कोंबडीखाली निघालेला. रंग तोच, चोच तीच, शेपूट दीड इंच कमी, तेवढे चालते. पण डाव्या पायाचे मधले बोट आत वळलेले. म्हणजे दहाच लक्षणे. आमच्या घरची रीत अशी की एक लक्षण कमी असले तरी त्या पक्ष्याची वीण घ्यायची नाही, वर्षाच्या आत पातेल्यात. गोमती मध्ये पडली. "अप्पा, बोटाने काय तो लिहिणार आहे? राहू द्या की." म्हटले, राहू दे थोडे दिवस.

कोंबड्या चार: थोरली, काजळी, सोनी आणि कवडी. एके काळी तंजावरात आणि मन्नारगुडीत आमच्या मराठी लोकांच्या पाच घरी ही वीण होती. कोणी खाऊन टाकली, कोणी भलत्याच कोंबड्यांत मिसळू दिली. आता माझ्या परसातले हे सहा जीव. हे गेले की संपले.

शेजारचा गुरुमूर्ति भिंतीवरून डोकावून म्हणाला, "राव, सरकारी पांढऱ्या लेगहॉर्न घ्या. वर्षाला दोनशे अंडी." म्हटले, माझी पंचवीसच देते, पण तिच्याकडे बघत बसावेसे वाटते. तुझ्या त्या पांढऱ्या उशांकडे कोण बघणार? तो हसला. माणूस वाईट नाही, फक्त डोळे नाहीत.

२६ जानेवारी

कोरडा खोकला. अंग कढत आहे. गोमती शाळेतून झेंडावंदन करून मिठाई घेऊन आली, तिची चव लागली नाही. महालक्ष्मी सारखी म्हणते, डॉक्टरला दाखवू. या बाईला माझे एक शिंकणे सोसवत नाही. काही नको. कंबू, म्हणजे बाजरी, भिजवून पक्ष्यांना घातला आणि पडून राहिलो.

१९ मार्च

माझे अक्षर बघा, कोंबडीने माती उकरल्यासारखे. सात आठवडे वही बंद होती. तंजावरच्या इस्पितळात एकोणचाळीस दिवस काढले. फुप्फुसाबाहेर पाणी झाले होते म्हणे, पाठीत सुई घालून काढले. मधले दहाबारा दिवस मला आठवतच नाहीत. निघताना डॉक्टर म्हणाले, "परत आलात, राव. आम्ही आशा सोडली होती." डॉक्टर लोकांना मोठेपणा मिरवायला असे बोलावेच लागते.

पक्षी सहाही ठणठणीत. गोमतीने सांभाळले, शाबास.

महालक्ष्मी मात्र वाळून काडी झाली आहे. एकभुक्त राहते, मंगळवारी तेही नाही. विचारले तर म्हणे, भूक नाही. अनवाणी चालते, थेट बाजारापर्यंत. चप्पल तुटली का, म्हटले. "नाही, असू द्या." मी घरात नव्हतो तर हिला भलतेच काटकसरीचे वेड लागले. पायांना भेगा पडल्या आहेत. बोललो, ऐकत नाही. बायकोचे माप कुठल्या पट्टीने घ्यायचे ते कचेरीत शिकवले नाही.

१४ एप्रिल

बंगळूरहून गोमतीसाठी स्थळ आले. मुलगा पोस्टात आहे, नाव बालकृष्ण, आपल्यातलाच. जूनमध्ये बघायला येणार. गोमती तोंड फुगवून वह्या तपासत बसली.

२८ मे

आज घरात वणवा पेटला.

सकाळी कापी देताना महालक्ष्मी म्हणाली, "मी नवस बोललेय. आडी कृत्तिकेला वेलनला कोंबडा सोडायचा आहे."

"सोडू की. बाजारातून चांगला बघून आणतो."

"बाजारातला नाही. घरातला सर्वांत चांगला, असं बोललेय."

मी कापीचा पेला खाली ठेवला. स्वामीमलैच्या वाटेवर नदीकाठी वेलनचे, म्हणजे कार्तिकस्वामीचे, लहानसे कोविल आहे, देऊळच. आडी कृत्तिका हा त्याचा जुलैतला सण. तेथे कोंबडा कापत नाहीत, जिवंत सोडतात. पण एकदा सोडला की तो देवाचा. परत आणता येत नाही, त्याची किंमत देऊन सोडवता येत नाही. पूर्वी एकाने रातोरात उचलून आणला होता, त्याच्याशी लोक अजून बोलत नाहीत.

"भैरव? भैरव देऊन टाकणार तू? अगं, माझ्या आयुष्यात एक पक्षी अकरा लक्षणांचा झाला!"

"म्हणून तर तो बोलले. कमी प्रतीचं काही देऊन ते मागता येत नव्हतं."

"काय मागितलंस एवढं?"

"ते सांगायचं नसतं."

"फेडल्यावर तरी सांगशील?"

"तेव्हाही नाही. तुम्ही चेष्टा कराल."

गोमती दारात उभी होती. ती काही बोलणार तोच आईने तिच्याकडे असे पाहिले की पोरीने तोंड मिटले. मग माझ्या लक्षात आले. बंगळूरचे स्थळ! पोरीच्या लग्नासाठी माझ्या भैरवचा बळी. मी तोंडाला येईल ते बोललो. घरात दुसरे काही नव्हते का द्यायला, तुझ्या पाटल्या होत्या, माझे घड्याळ होते. महालक्ष्मी कापीचा पेला उचलून घेऊन गेली. मी चूक बोललो असेन, पण मी खोटे बोललो नाही.

९ जून

गोमतीने स्थळाला नकार दिला. मुलाने विचारले म्हणे, लग्नानंतर नोकरी सोडाल ना? ही म्हणाली, तुम्ही सोडाल का? झाले, निघून गेले.

वाईट वाटले, पण खरे सांगतो, मनात पहिला विचार भैरवचाच आला. महालक्ष्मीला म्हटले, आता नवसाचा प्रश्नच नाही. लग्न कुठे जमले?

ती म्हणाली, "नवस कधीच फळला."

फळला? पोरगी तर समोर बसून भाजी चिरते आहे! गोमतीकडे बघितले तर ती हसत होती आणि डोळे पुसत होती. कांदा नव्हता, वेंडक्का होती, साधी भेंडी. या दोघी मिळून मला खुळा करणार आहेत.

२४ जून

कसेही करून भैरवची पिल्ले हवीत, मग तो गेला तरी वीण राहील. म्हणून थोरलीला नऊ अंड्यांवर बसवले होते. ही आमची जात जड. आज उठून बघतो तर तिच्या वजनाने सहा फुटलेली. उरलेली तीन उजेडाला धरून पाहिली, तिन्ही रिकामी. बाकी तिघींची पिसे झडायला लागली आहेत, आता दोन महिने अंडे नाही. आडी कृत्तिकेला चार आठवडे उरले. जेवण जाईना.

११ जुलै

एक विचार आला आहे. लिहू की नको, असे झाले. वही माझी आहे, येथे नाही लिहायचे तर कोठे?

महालक्ष्मीला दोघे भाऊ वेगळे ओळखता येत नाहीत. पायांच्या काट्यांची तिला भीती वाटते, म्हणून ती खुराड्याजवळ कधी येतच नाही. वाकड्याला तेल हळद लावून, त्या पायाला हळदीचे फडके बांधून नेले तर? देवाला फडके बांधून द्यायची चाल आहेच.

आणि सर्वांत चांगला म्हणजे कोणता, हे ठरवणार कोण? लक्षणांची वही माझ्याजवळ आहे. देवाने काही ती वाचलेली नाही. वाकड्याही शंभरात उठून दिसतो. देवाला देखणा पक्षी मिळाला, बायकोचा नवस फिटला, वीण राहिली. कोणाचे काय बिघडले?

असे लिहिले, तरी मन खाते आहे.

२१ जुलै

गोमती मैत्रिणीच्या लग्नाला आडुतुरैला गेली, परवा येईल. बरे झाले. तिला एका नजरेत कळले असते.

२२ जुलै

केले.

बसमध्ये डालगे माझ्या मांडीवर. महालक्ष्मी शेजारी, नवे लुगडे नेसलेली, ओठ हलत होते. कोविलातल्या सोडलेल्या कोंबड्यांची देखभाल चंद्रमौली नावाचा म्हातारा करतो. त्याने वाकड्याला हातात घेतले, छाती चाचपली, फडक्यावरून अंगठा फिरवला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि फडके तसेच राहू दिले.

महालक्ष्मी प्रदक्षिणेला गेली तेव्हा तो म्हणाला, "सामी, या बाई मासी महिन्यात आल्या होत्या. सात दिवस, रोज. नदीत बुडी मारून ओल्या साडीनं प्रदक्षिणा घालायच्या. मी म्हटलं, बाई, एवढं काय मागता?"

मी म्हटले, "मुलीचं लग्न. दुसरं काय!"

तो कोंबड्यांना दाणे टाकायला वळला. मी बसमध्ये हिशोब केला. मासी, म्हणजे फेब्रुवारी-मार्च, म्हणजे मी इस्पितळात पाठीत सुया टोचून घेत होतो तेव्हा! नवरा तिकडे खाटेवर, आणि ही इकडे जावई शोधायच्या नवसात. मन विटले. त्यामुळे फसवल्याचे जे वाटत होते तेही जरा कमी झाले.

घरी आल्यावर महालक्ष्मीने पायांत चप्पल घातली. दोन्ही वेळा जेवली, वर ताक मागून घेतले. कित्येक महिन्यांनी तिला गुणगुणताना ऐकले. परसात भैरव आरवला तेव्हा मात्र मी दचकलो. ती म्हणाली, "भावाशिवाय एकटा पडला बिचारा." मी होय म्हटले.

२३ जुलै

गोमती आली. चहा प्यायच्या आत परसात गेली. परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "अप्पा, हे काय केलंत?"

"हळू बोल."

"अम्माला सांगा. आज सांगा. तुम्हाला ठाऊक नाही तो नवस—"

"ठाऊक आहे. तुझ्याच लग्नाचा."

ती कपाळावर हात मारून बाहेर तिण्णैवर, ओट्यावर, जाऊन बसली. अंधार होईपर्यंत आत आली नाही. आईला मात्र सांगितलेले दिसत नाही.

२९ जुलै

चोळपुरम्‌कडे मानमोडी सुरू झाली आहे. कोंबड्या माना वाकड्या करून पटापट मरताहेत. गुरुमूर्ति बर्फाच्या फ्लास्कमधून लस घेऊन आला, आपल्या दोनशेंना टोचून झाली. "राव, तुमच्या पाचांना आत्ता टोचतो. पाच मिनिटांचं काम."

विचारले, लसीने काही मरतात का? प्रामाणिक माणूस, म्हणाला, "एखाददुसरा. आधीच अशक्त असेल तर."

त्याच्याकडे दोनशे, माझ्याकडे भैरव एक. त्यातून पिसे झडताना पक्षी नाजूक होतो. नको म्हटले. मागचे दार बंद केले, उंबऱ्यावर चुना टाकला, बाहेरचे कोणी आत येऊ नये म्हणून सांगितले.

६ ऑगस्ट

कवडी सकाळी चोच उघडून श्वास घेत होती. दुपारी गेली.

७ ऑगस्ट

सोनी. हिरवट जुलाब, पंख लोंबलेले. गुरुमूर्तिला भिंतीवरून हाक मारली, आता टोच म्हटले. तो म्हणाला, आता उपयोग नाही, उलट लवकर मरतील. तरी भिंतीपाशीच उभा राहिला, घरात जाईना. भैरवला माजघरात वेगळा आणून ठेवला. महालक्ष्मीने स्वतःच गोणपाट अंथरून दिले.

९ ऑगस्ट

थोरली गेली. भैरवने आज दाणा टिपला नाही. चमच्याने पाणी पाजले, ते बाहेर आले.

१० ऑगस्ट

मान फिरायला लागली. डोके पाठीकडे वळते, मग तो गोल गोल फिरून पडतो. मी दोन्ही हातांत धरून बसलो. ती लांब शेपटी घाणीने भरली, महालक्ष्मीने कोमट पाण्याने धुतली. जिला त्याच्या काट्यांची भीती वाटायची, ती.

"वाकड्या ना हा?" तिने विचारले. "बोट तर सरळ दिसतंय."

मी म्हटले, पिसे ओली झाली की नीट कळत नाही. काय वाटेल ते बोललो.

११ ऑगस्ट

भैरव गेला. सकाळी साडेदहाला. चुना घालून परसात खोल पुरला. मी माप घेतले नाही.

काजळी तेवढी उभी आहे. ती आजारी पडून सावरली. सहा पिढ्यांची वीण, आणि एक कोंबडी. पाच वर्षांची.

१३ ऑगस्ट

भिंतीला टेकून बसलो होतो आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. वाकड्या! वाकड्या जिवंत आहे. नदीपलीकडे, कोविलात. मी नवसाप्रमाणे भैरव दिला असता तर आज भैरव जिवंत असता, आणि मेला असता तो वाकड्या. चलाखी करून मी माझा अकरा लक्षणांचा पक्षी स्वतःच्या हाताने रोगापुढे ठेवला आणि दहाचा देवाकडे सुरक्षित पोचवला.

हसू आले.

१५ ऑगस्ट

वाकड्या परत आणता येणार नाही. पण काजळीला तिकडे नेता येईल! कोंबडा देवाचा, कोंबडी माझी. गुरुमूर्तिला विचारले. तो म्हणाला, आत्ता नेलीत तर रोग बरोबर जाईल, तिथले सगळे मरतील. दोन महिने थांबा, आणि आधी तिथल्या पक्ष्यांना मी लस टोचून येतो. तोपर्यंत काजळी अंडी घालायला राहिली तर बरे. रोज सकाळी तिला बघतो आणि दिवस मोजतो.

आणखी एक अडचण. कोविलात काजळी न्यायची तर महालक्ष्मीला सांगावे लागेल. नवस तिचा आहे. सांगायचे तर सगळेच सांगावे लागेल.

२८ ऑगस्ट

गावभर नवा फ्लू आहे, शाळा बंद. कालपासून मलाही ताप. एकशे तीन. डॉक्टर म्हणाले, घाबरायचे कारण नाही, चार दिवसांत उतरेल.

पण महालक्ष्मीला काय झाले आहे? पाय धरून बसली आहे. गोमती तिला ओढून जेवायला नेते, ती परत येते.

३० ऑगस्ट

ताप उतरला आहे. काल जे ऐकले ते लिहून ठेवतो.

डोळे मिटून पडलो होतो. महालक्ष्मीला वाटले झोपलो. ती देवाच्या तसबिरीपुढे उभी राहून बोलत होती, प्रार्थना नव्हे, शेजारणीशी भांडावे तशी. "मी काय कमी केलं? घरातला सर्वांत चांगला दिला ना तुला? त्यांचा जीव होता त्याच्यात, तरी दिला. तेव्हा यांना परत दिलंस, मग आता का मागतोस? सांग की! काय कमी पडलं?"

मी तीस वर्षे जमिनी मोजल्या. एक बोट इकडे तिकडे झाले तर डोळ्याला कळायचे. आणि फेब्रुवारीपासून ही बाई माझ्यासाठी अनवाणी चालत होती, हे मला कळले नाही. चप्पल तुटली का, विचारत होतो!

तापातच उठून बसलो. म्हटले, "महालक्ष्मी, देवाशी भांडू नकोस. काय कमी पडलं ते मी सांगतो." सगळे सांगितले. हळदीचे फडके, वाकडे बोट, माजघरात मेला तो कोण होता ते.

तिने ऐकून घेतले. रडली नाही. "त्या दिवशी बोट सरळ दिसत होतं मला," एवढेच म्हणाली. पदर खोचला आणि माझी कांजी गरम करायला गेली. कांजी दिली.

७ सप्टेंबर

आठ दिवस बोलत नाही. वाढते, औषध देते, कपडे धुते. गोमतीतर्फे निरोप: "अप्पांना सांग, आंघोळीचं पाणी तापलंय." मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेलो असतो. ओरडली असती तर बरे झाले असते. चप्पल पुन्हा काढून ठेवली आहे.

१२ सप्टेंबर

आज बोलली. तिण्णैवर माझ्याशेजारी येऊन बसली. काजळी पुढ्यात चरत होती.

"आता घरात दुसरा कोणी कोंबडा आहे का?"

"नाही."

"मग जो देवाकडे गेला तोच सर्वांत चांगला. तुम्हीच त्याला तसा करून ठेवलात."

मी मान खाली घातली. मग मी काजळीचे विचारले. मला लाज वाटली विचारताना, तरी विचारले. तिने काजळीकडे पाहिले.

"न्या. मी देवाला सांगते. पण वाकड्यापासून जी पिल्लं होतील त्यांतला सर्वांत चांगला कोंबडा देवाचा. या वेळी मी बोलणार नाही. तुम्ही बोला, तुमच्या तोंडानं."

बोललो.

२० ऑक्टोबर

गुरुमूर्तिने कोविलातल्या सगळ्यांना लस टोचून महिना झाला. एक पैसा घेतला नाही. काजळी तेथे वाकड्याबरोबर एका मोठ्या डालग्यात बारा दिवस होती, आज परत आणली. चंद्रमौली म्हणाला, "सामी, त्या फडक्याखाली काय होतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं." मग बोलला का नाहीस? "देवानं घेतला. मी कोण नको म्हणणार?"

२ नोव्हेंबर

काजळीची सात अंडी. फुटू नयेत म्हणून गुरुमूर्तिच्या घरच्या एका हलक्या गावठी कोंबडीखाली ठेवली. बाहेर तीन दिवस पाऊस. रोज दोनदा जाऊन बघतो. गुरुमूर्तिची बायको म्हणाली, "येथेच राहायला या, राव."

२४ नोव्हेंबर

पाच निघाली! एक लगेच गेले. चार आहेत. महालक्ष्मीने ओंजळीत घेऊन बघितली. मी बोटे तपासली नाहीत, धीर झाला नाही.

१७ फेब्रुवारी १९५८

काजळी म्हातारपणाने गेली. चारांत दोन तलंगा, दोन कोंबडे. आज बोटे बघितली. एक कोंबडा मोठा, भरलेला, लालभडक, मानेवर सोने ओतल्यासारखा. त्याचे डावे मधले बोट वाकडे. दुसरा बारका, अंगात काही दिसत नाही. पण बोटे सरळ.

२५ मे

बारक्याचे माप रोज घेतो, कोणाला न सांगता. चोच उतरली. डोळा पांढरा झाला. शेपटीत पहिली दोन लांब पिसे फुटली, आणि ती कोठवर जाणार ते मला दिसते. गोमतीला दिसत नाही, गुरुमूर्तिला दिसत नाही. दोघेही मोठ्याचेच कौतुक करतात. अकराच्या अकरा. दुसऱ्यांदा, माझ्या एका आयुष्यात.

३० मे

उद्या विशाख, वेलनचा सण. महालक्ष्मी दुपारी परसातल्या पायरीवर येऊन बसली. गोमती शाळेत होती. चारही पक्षी माती उकरत होते.

"कोंबड्यांतलं मला काही कळत नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून विचारते. या दोघांतला सर्वांत चांगला कोणता?"

मोठा नेमका तेव्हाच आरवला. ऊन त्याच्या मानेवर होते. मी नुसते बोट केले असते तरी तिने मान हलवली असती. कोणीही हलवली असती. कोणाला कधी कळले नसते, आणि पुढच्या वर्षी माझ्या परसात पुन्हा भैरव असता. हे सगळे मी एका क्षणात मोजले, खोटे कशाला सांगू.

"तो बारका," मी म्हणालो.

"बारका? नक्की?"

"अकराच्या अकरा."

तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिले. मला वाटले, आता म्हणेल, राहू द्या, मला कळले. देवाला मोठा देऊ. मी वाट बघत होतो.

"सकाळी सातची बस आहे," ती म्हणाली, आणि डालगे धुवायला घेतले.

३१ मे

सोडला. शेपूट एक फूट दोन इंच, अजून वाढेल. चंद्रमौलीने चारही बाजूंनी बघितला आणि मला नमस्कार केला. मोठ्याला दोन तलंगांबरोबर ठेवला आहे, दहा लक्षणांवर वीण चालेल. चालवीन.

परतीच्या बसमध्ये मला रडू आवरेना. सगळी बस भरलेली, शाळेतली पोरे, बाजारच्या बायका. महालक्ष्मी खिडकीजवळ बसली होती. ती उठली, मला तेथे बसवले, आणि लोकांकडे तोंड करून माझ्या आड बसली.